दार बंद, कार्य चालू : ॲन फ्रँक गृहाचे महामारीतील वर्ष

ऐतिहासिक वास्तू जतन करणे म्हणजे काय? भिंती आणि छप्पर सांभाळणे, की त्या भिंतींच्या आत जे घडले ते पुढच्या पिढीला समजावून देणे? २०२० साली कोरोनाच्या महामारीमुळे जगभरातील स्मारके बंद झाली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक संस्थेला कृतीने द्यावे लागले. त्यांपैकी नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहरातील ॲन फ्रँक गृहाचे उदाहरण आम्ही येथे अभ्यासासाठी घेतले आहे.

प्रथम पूर्वइतिहास पाहू. ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी. केवळ ज्यू म्हणून जन्मल्याबद्दल नाझी राजवट माणसे मारीत होती. त्यामुळे जुलै १९४२ मध्ये तिचे कुटुंब वडिलांच्या कचेरीमागील भागात लपले. पुस्तकांच्या फिरत्या कपाटाआड तेथे जाण्याचा मार्ग होता. पुढे आणखी चौघे आले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी आठही जण पकडले गेले. त्यांपैकी फक्त वडील ऑटो फ्रँक जिवंत परतले. त्यांनी मुलीची रोजनिशी १९४७ साली प्रसिद्ध केली. ही इमारत पाडली जाण्याची वेळ आली, तेव्हा ती वाचविण्यासाठी १९५७ साली संस्था स्थापन झाली आणि ३ मे १९६० रोजी संग्रहालय खुले झाले.

२०१९ साली तेथे सुमारे १३ लाख लोक आले. प्रवेशशुल्क हाच संस्थेच्या उत्पन्नाचा मुख्य आधार. मार्च २०२० मध्ये दार बंद झाले आणि तो आधारच तुटला. १ जूनला दार उघडले, पण दोन माणसांत दीड मीटर अंतर ठेवण्याचा नियम होता. अरुंद जिने, लहान खोल्या. तेथे पूर्वीसारखी गर्दी कशी चालणार? नोव्हेंबरमध्ये काही दिवस आणि १५ डिसेंबरपासून पुन्हा दार बंद झाले, ते जून २०२१ पर्यंत.

मग संस्थेने काय केले? ३० मार्च २०२० पासून तिने ॲनची चित्रफीत-रोजनिशी यूट्यूबवर दाखविण्यास आरंभ केला. ॲनजवळ वहीऐवजी कॅमेरा असता तर, ही त्यामागील कल्पना. भाग पंधरा, काळ १९४४ चा मार्च ते ऑगस्ट. भाषा डच, पण खाली इतर भाषांतील ओळी. शिक्षकांसाठी पाठसाहित्यही जोडलेले. संगणकावर त्या खोल्या पाहण्याची सोयही पूर्वीच केलेली होती. प्रत्यक्ष वास्तूतील खोल्या ऑटो फ्रँक यांच्या इच्छेनुसार रिकाम्या ठेवल्या आहेत. संगणकावर मात्र त्या सामानासह दिसतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही मालिका महामारी येण्यापूर्वीच चित्रित झाली होती. तहान लागल्यावर विहीर खोदण्याची पाळी संस्थेवर आली नाही, कारण जो तरुण ॲमस्टरडॅमला येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत कसे पोहोचावे, याचा विचार ती आधीपासून करीत होती.

त्या वर्षी आपणही घरात कोंडले गेलो होतो. म्हणून काहींनी टाळेबंदीची तुलना ॲनच्या लपण्याशी केली. ही तुलना आम्हांस मान्य नाही. आपल्याला रोगापासून वाचविण्यासाठी घरात बसविले होते; ॲनला माणसांपासून वाचण्यासाठी लपावे लागले. हा भेद पुसला, तर स्मारक जपूनही त्याचा अर्थ हरवेल.

तात्पर्य, वास्तू अवश्य जपावी, कारण ती पुरावा आहे. परंतु एकाच उत्पन्नावर आणि एकाच दारावर विसंबून राहू नये. संस्थेचे कार्य कोणते हे तिला स्पष्ट ठाऊक असेल, तर दार बंद झाले तरी शिकवण थांबत नाही.

विद्यार्थ्यांनी विचार करावा :
१. आपल्या गावातील एखादे स्मारक वर्षभर बंद राहिले, तर त्याची माहिती लोकांपर्यंत कशी पोहोचवाल?
२. त्यासाठी आजच कोणती कागदपत्रे, छायाचित्रे व वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवून ठेवाल?