तरवड



उन्हाळ्यात अंबड किंवा भोकरदनच्या रस्त्याने जाताना बाहेर नीट पाहा. शेते उघडी पडलेली असतात. गवत वाळलेले असते. तरीही बांधावर आणि माळावर एक झुडूप हिरवे दिसते. ते तरवडाचे झुडूप होय.

तरवड आपल्याच मातीतला आहे. भारत आणि श्रीलंका ही त्याची मूळ भूमी. त्याची फुले पिवळीधमक, तर शेंगा चपट्या व पातळ असतात. पानाच्या देठाशी कानाच्या आकाराची दोन छोटी पाने असतात. म्हणूनच शास्त्रज्ञांनी त्याला ‘सेना ऑरिक्युलेटा’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘ऑरिक्युला’ म्हणजे छोटा कान. पिवळ्या फुलांमुळे काही जण टाकळ्यालाच तरवड समजतात. पण टाकळा पावसाळ्यात उगवतो आणि पुढे वाळून जातो. तरवड बाराही महिने हिरवा राहतो.

तरवडाच्या सालीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. जनावराचे कच्चे कातडे लवकर कुजते. सालीच्या पाण्यात ते भिजत ठेवले, की टॅनिन कातड्यातील प्रथिनांना घट्ट धरते. मग कातडे कुजत नाही. विहिरीवरची मोट आणि भिश्तीची पखाल अशा कमावलेल्या कातड्याची असे. पखालीची धाकटी बहीण म्हणजे तुमच्या उर्दूतील ‘मश्क’. म्हणजे पाहा, शेताला आणि घराला पाणी पोचवण्यात या झुडपाचाही वाटा होता!

पुढे विजेचे पंप आले, मोटा गेल्या. कातडे कमावण्यासाठी क्रोमियमचे क्षार वापरले जाऊ लागले. तरवडाची आठवण कमी झाली. आज बांध साफ करताना त्याला ‘फालतू झुडूप’ म्हणून उपटतात. पण गुरे त्याचा पाला सहसा खात नाहीत. त्यामुळे उजाड माळावरही तो टिकतो. त्याची मुळे माती धरून ठेवतात. पाला शेतात गाडला, तर हिरवळीचे खत होते. १९७२ आणि २०१२-१३ चे दुष्काळ पाहिलेल्या आपल्या भागात मातीचे मोल कोणाला सांगायला नको.

१९५६ पर्यंत जालना आणि तेलंगणा एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या तेलंगणाने २०१४ मध्ये तरवडाच्या फुलाला राज्यफुलाचा मान दिला. तेथे बतुकम्मा सणात ही फुले रचतात. तेच झुडूप आपल्या बांधावर उभे आहे. ते उपटण्यापूर्वी त्याच्या मुळाशी किती माती धरलेली आहे, ते एकदा पाहा.

स्वाध्याय

१. तरवड आणि टाकळा यांत कोणता फरक आहे?
२. सालीच्या पाण्यात भिजवलेले कातडे का कुजत नाही?
३. ‘हिरवेगार’, ‘पिवळेधमक’ यांसारखे आणखी तीन शब्द लिहा.
४. घरातील वडीलधाऱ्यांना मोटेविषयी विचारा. त्यांनी उर्दूत सांगितलेली माहिती मराठीत पाच वाक्यांत लिहा.