वेगाचे ई-चलान आणि न दिसलेला फलक : हरकत घ्यायची की दंड भरायचा?

धुळे–सोलापूर महामार्ग, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ५२, बीड जिल्ह्यातून गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जातो. रस्ता चौपदरी झाल्यापासून वाहनांचा वेग वाढला, तशी वेगाची ई-चलानेही वाढली. मोबाइलवर दंडाचा संदेश आला की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येते, ‘तिथे फलक दिसलाच नाही.’ ते खरे असू शकते. मात्र फलक आपल्याला दिसला नाही, एवढ्याने हरकत टिकत नाही. तो दिसण्यासारखा नव्हता, हे दाखवता आले तर टिकू शकते. हरकत घ्यायची की नाही, हे पुढील क्रमाने ठरवावे.

१. चलान खरे आहे का ते तपासा, आणि लगेच पैसे भरू नका. चलानाच्या नावाखाली फसवे दुवे आणि ‘एपीके’ फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. संदेशातील दुवा उघडू नका. महाट्रॅफिकच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर वाहन क्रमांक टाकून चलान स्वतः शोधा. ते खरे निघाले तरी निर्णय होईपर्यंत रक्कम भरू नका. दंड भरणे म्हणजे कायद्याच्या भाषेत गुन्ह्याची तडजोड, आणि तडजोड झाली की वाद तिथेच मिटतो.

२. चलानावरील नोंदी कागदावर उतरवा. ठिकाण, तारीख व वेळ, यंत्राने मोजलेला वेग, तिथे लागू धरलेली मर्यादा, कायद्याचे कलम आणि हरकतीची मुदत या सहा गोष्टी लिहून घ्या. छायाचित्र मोठे करून नंबरप्लेट आपल्याच गाडीची आहे का आणि चौकटीत दुसरे वाहन तर नाही ना, ते पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७अ नुसार चलानाची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असते. म्हणून ती आपल्याला कोणत्या तारखेला मिळाली, हेही टिपून ठेवा. संदेशाचा स्क्रीनशॉट जपा.

३. फलक नसता तर आपली मर्यादा किती होती, ते काढा. सगळा निर्णय या पायरीवर फिरतो. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये वाहनप्रकारानुसार कमाल वेग अधिसूचित केले आहेत. दुभाजक असलेल्या चार किंवा अधिक पदरी रस्त्यावर कारसाठी ताशी १०० किलोमीटर, बससाठी ९०, मालवाहू वाहन व दुचाकीसाठी ८० ही मर्यादा आहे. इतर रस्त्यांवर कारसाठी ७०, तर बस, मालवाहू वाहन व दुचाकीसाठी ६०. ही मर्यादा फलक असो वा नसो लागू असते.

सरकार किंवा अधिकृत प्राधिकरण एखाद्या टप्प्यात ती आणखी कमी करू शकते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर घाटात कारला ६० ची मर्यादा आहे, ती अशीच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ नुसार अशा कपातीसाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि योग्य ठिकाणी फलकही लावावे लागतात. कपात एक महिन्यापेक्षा जास्त काळाची नसेल, तर अधिसूचनेची गरज नसते.

आता आपला वेग या हिशेबात बसवा. समजा चौपदरी रस्त्यावर ८० चा फलक होता आणि आपली कार ९२ वर नोंदली गेली. सर्वसाधारण मर्यादेच्या आपण आत आहात आणि चलान पूर्णपणे त्या फलकावर उभे आहे, म्हणून हरकतीला जागा आहे. कार ११२ वर नोंदली गेली असेल, तर फलक असता-नसता तरी उल्लंघन झालेच होते. अशा वेळी दंड भरून मोकळे व्हावे. चौपदरी महामार्गावरून दुभाजक नसलेल्या रस्त्यावर वळल्यावर कारची मर्यादा १०० वरून ७० वर येते, हेही लक्षात घ्या. तिथे ९० चा वेग नोंदला गेला असेल, तर फलकाचा मुद्दा उपयोगाचा नाही.

४. फलकाचा प्रकार ओळखा. पांढऱ्या गोलात आकडा आणि भोवती लाल कडा असलेला फलक आदेशात्मक असतो. त्याचे पालन बंधनकारक आहे. त्रिकोणी फलक वळण, शाळा, चौक यांची आगाऊ सूचना देतो, त्यातून वेगमर्यादा ठरत नाही. कॅमेरा किंवा स्पीडगनची नजर असलेल्या टप्प्याआधी तशी सूचना देणारा फलक ठळकपणे लावावा, असे नियम १६७अ सांगतो. तो तिथे होता का, तेही पाहून ठेवा.

५. दोन-तीन दिवसांत जागेवर जाऊन पुरावा घ्या. उशीर झाला तर फांद्या छाटल्या जातात, फ्लेक्स उतरतात, नवा खांब उभा राहतो. ज्या दिशेने आपण येत होता, त्याच दिशेने साधारण दोन किलोमीटर आधीपासून चित्रीकरण सुरू करा. मोबाइल शेजारी बसलेल्या व्यक्तीने धरावा, चालकाने नव्हे. काचेतून चालकाला जेवढे दिसते तेवढेच चित्रात यावे. त्यानंतर गाडी सुरक्षित जागी उभी करून फलकाची जवळून छायाचित्रे घ्या. बाभळीची फांदी आकड्यावर आली आहे का, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स त्याच खांबाला बांधला आहे का, पत्रा वाकून शेताकडे वळला आहे का, रंग उडून ‘८०’ चा नुसता ‘०’ उरला आहे का, ते टिपा. चलान रात्रीचे असेल तर रात्रीही जा आणि दिव्याच्या झोतात फलक चमकतो का ते पाहा. शेजारचा किलोमीटरचा दगड एका छायाचित्रात हवाच. मूळ फाइली मोबाइलमधून पुसू नका. न्यायालयात त्या दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

उसाने भरलेली ट्रॉली समोर होती म्हणून फलक दिसला नाही, अशी तक्रार गळीत हंगामात हमखास येते. तो फलकाचा दोष नाही आणि नंतर सिद्धही करता येत नाही. त्यावर हरकत उभी करू नका.

६. कागदपत्रे मागवा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. पोलिसांकडून यंत्राचे मान्यता प्रमाणपत्र मागा. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडून किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडून वेगमर्यादेची अधिसूचना आणि त्या किलोमीटरवरील फलकांची नोंद मागा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून त्याची वाट पाहत हरकतीची मुदत घालवू नका.

७. हिशेब मांडून निर्णय घ्या. कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. आपला वेग सर्वसाधारण मर्यादेच्या आत असेल आणि फलकाचा दोष छायाचित्रात स्पष्ट दिसत असेल, तर हरकत घ्या. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर दंड भरा. ऑनलाइन हरकतीला खर्च जवळजवळ नाही. न्यायालयाच्या तारखांना मात्र रोजगार बुडतो. पुन्हा उल्लंघन झाल्यास परवाना जप्त होऊ शकतो, त्यामुळे ट्रक, टेम्पो किंवा प्रवासी वाहनावर पोट असलेल्या चालकाने केवळ दंडाच्या रकमेकडे पाहून निर्णय घेऊ नये.

८. हरकत थोडक्यात आणि मुद्द्यावर लिहा. महाट्रॅफिकवरील तक्रार सुविधेतून ती दाखल करा. चलान देणारी यंत्रणा जिल्हा वाहतूक शाखा असो की महामार्ग पोलीस, तिच्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मजकूर असा असावा : ‘अमुक तारखेला अमुक ठिकाणी माझ्या कारचा वेग ९२ नोंदवला आहे. या रस्त्यावर कारची सर्वसाधारण मर्यादा १०० आहे. ८० चा फलक फांद्यांनी झाकलेला होता. छायाचित्रे व चित्रीकरण जोडले आहे. कमी केलेल्या मर्यादेची अधिसूचना दाखवावी, अन्यथा चलान रद्द करावे.’ रस्त्याच्या दुरवस्थेवर किंवा पोलिसांच्या हेतूवर एक ओळही लिहू नका.

९. हरकत फेटाळली तर पुढचा मार्ग निवडा. घटना ज्या हद्दीत घडली, तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आपली बाजू मांडता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. लोकअदालत हा तडजोडीचा मार्ग आहे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते. चलान चुकीचेच आहे असे म्हणणे असेल, तर लोकअदालतीत तडजोड करू नका.

१०. निर्णय कोणताही असो, फलकाची तक्रार करा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे. इतर रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाला छायाचित्रासह अर्ज द्या आणि पोच घ्या. चलान रद्द झाल्याने एका वाहनमालकाचे पैसे वाचतात. झाकलेला फलक मोकळा झाला, तर त्याच वळणावर रात्री येणाऱ्या अनोळखी चालकाचा जीव वाचू शकतो. म्हणून दंड भरला असला, तरी हा अर्ज जरूर द्यावा.