जुनी नाव, नवं मशीन : आधी लाकूड तपासा

मंडळी, १६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद. नावा काठावर ओढलेल्या असतात आणि घराघरात एकच विषय, "यंदा मशीन बसवू या का?" जरूर बसवा. पण आपली जुनी नाव वल्ह्यासाठी बांधलेली आहे, हे आधी ध्यानात घ्या.

वल्ह्याचा जोर दोन्ही काठांवर वाटला जातो. आउटबोर्डचा सगळा जोर मागच्या आडव्या फळीवर येतो. मशीन चालू झालं की ते त्या फळीला खालून पुढे रेटतं आणि वरून मागे ओढतं. फळी आतून कुजलेली असेल तर ती उघडते, आणि तेव्हा नावेत आपलीच माणसं बसलेली असतात.

म्हणून टोच्या घ्या. पावसाचं पाणी जिथे साचतं तिथे, म्हणजे तळफळ्यांखाली, वाकांच्या मुळाशी, मागच्या फळीच्या टोकांना टोचून बघा. टोच्या लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर तो तुकडा बदलायचाच, वरून रंग मारून झाकायचा नाही. मोगरीने ठोकून बघा, चांगलं लाकूड खणखणतं, कुजकं बद्द वाजतं. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलंय? खिळा गंजलाय.

आता एक चूक, जी मी स्वतः केली. मे महिन्यात माळव्याच्या उन्हात फळ्या सुकून सांधे उघडतात. मी त्या फटी कडक लांबीने गच्च भरल्या. नाव पाण्यात गेली, लाकूड फुगलं, लांबी बाहेर आली आणि एक फळी चिरली. सांध्यात कापूसच ठोका, तोही बेताने. मग नाव दोन-तीन दिवस उथळ पाण्यात बांधून ठेवा. सुरुवातीला पाणी येणारच. फुगल्यावरही जिथून येतं, ती खरी गळती.

काठावर झाकताना प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. कोकणात होड्या झापांनी शाकारतात, खालून वारा खेळता राहतो.

मशीन विकत घेण्याआधी वजनाची चाचणी करा. ८ ते १० घोड्यांचं मशीन साधारण ३० ते ४५ किलो, २४ लिटर पेट्रोल जवळपास १८ किलो. तेवढी वाळू पोत्यात भरून मागे ठेवा, चालवणारा माणूस मागेच बसवा, बाकीचे आपापल्या जागी. मागचा काठ पाण्यापासून किती वर राहतो ते बघा. ओंजळभर लाटेने पाणी आत येत असेल तर लहान मशीन घ्या.

मागच्या फळीची उंचीही मोजून न्या. आखूड दांड्याचं मशीन सुमारे १५ इंचांसाठी, लांब दांड्याचं २० इंचांसाठी असतं. फळी आरपार बोल्टने आणि रुंद वायसरने आवळा, आतून कोपऱ्यांना लाकडी आधार द्या. मशीनला वेगळी साखळी बांधा, पकडीचे स्क्रू ढिले होतात.

पहिली फेरी पुराच्या क्षिप्रेत नको, संथ तलावात घ्या. अर्ध्या वेगाने, काठाजवळ, अंगात जॅकेट, नावेत वल्हं. आणि बंदीचे दिवस असतील तर जाळं घरीच ठेवा, नाहीतर चाचणी म्हणून कोणी ऐकणार नाही.