सरकणे आणि उजळणे

मेसच्या काकांच्या निरोप समारंभासाठी अ‍ॅनिमेटमध्ये (म्हणजे आपला फ्लॅशच, 2016 मध्ये नाव बदलले) छोटी फिल्म करायचे काम माझ्या गळ्यात पडले. काकांचे नाव डावीकडून सरकत यावे आणि येता येता उजळावे, एवढेच!

24 फ्रेमचा क्लासिक ट्वीन, ईझ 100, सुरुवातीला अल्फा 0, शेवटी 100. जमले. पण नाव निम्म्या वाटेतच पूर्ण दिसावे म्हणून 12व्या फ्रेमवर एफ6 दाबून कीफ्रेम टाकली आणि घोळ झाला. ट्वीनचे दोन तुकडे पडले. ईझ प्रत्येक तुकड्याला वेगळा लागतो, त्यामुळे नाव मध्येच थबकून पुन्हा धावू लागले!

उपाय सोपा आहे. नावाचा सिम्बॉल करा (एफ8) आणि तो एका मूव्ही क्लिपमध्ये ठेवा. आत फक्त अल्फाचा 12 फ्रेमचा ट्वीन, शेवटच्या फ्रेमवर स्टॉप. नाहीतर नाव लुकलुकत राहते. बाहेर फक्त सरकणे. स्टेजवर नाव दिसत नाही म्हणून घाबरू नका, कंट्रोल-एंटर दाबल्यावर दिसते.

समारंभात नाव न अडखळता आले. अडखळलो ते आम्हीच, निरोपाचे बोलताना.