भाषांतराच्या पायरीवरून: ‘व्येजमिन’ या खेळाच्या निर्मितीची कथा

विद्यार्थिमित्रांनो, संगणकावरील खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असा समज पालकवर्गात रूढ आहे. आणि त्याच खेळांत तुमच्यापैकी कित्येकांच्या सुट्या संपतात, हेही तितकेच खरे. परंतु हे खेळ कोण घडवितो, कसे घडवितो आणि मुख्य म्हणजे कोणत्या भाषेत घडवितो, हा प्रश्न ना पालक विचारतात, ना मुले. पोलंड देशात तयार होऊन २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका खेळाची हकीकत या दृष्टीने मननीय आहे. पोलिश भाषेत त्याचे नाव ‘व्येजमिन’. इंग्रजीत तो ‘द विचर’ या नावाने ओळखला जातो.

प्रथम या खेळाचा प्रकार समजून घेऊ. आपल्या दशावतारी नाटकात कथानक ठरलेले असते, पण संवाद लिहून दिलेले नसतात. राजाचे सोंग घेतलेला नट प्रसंग पाहून आपली वाक्ये आपणच रचतो. भूमिका घेऊन खेळावयाच्या या खेळांत खेळणाराही एक पात्र अंगीकारतो आणि अद्भुत प्रदेशात संचार करतो. फरक इतकाच की, त्याला पुढे ठेवलेल्या दोन-तीन उत्तरांतून एक निवडावे लागते व त्या निवडीप्रमाणे कथा वळण घेते. साहजिकच, खेळणारा जी वाट सोडून देतो तीही कोणीतरी आधी लिहून ठेवावी लागते. अशा खेळाचा देह चित्रांचा असला, तरी त्याचा कणा लेखनाचा असतो.

आता मूळ कथेकडे वळू. आन्जेय सापकोव्स्की हे व्यवसायाने व्यापारी प्रतिनिधी होते. १९८६ साली ‘फान्तास्तिका’ या पोलिश मासिकाच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘व्येजमिन’ ही कथा पाठविली व तिला तिसरे पारितोषिक मिळाले. शापाने राक्षसी बनलेल्या राजकन्येची लोककथा त्यांनी नव्या दृष्टीने सांगितली होती. मोल घेऊन राक्षसांचा नायनाट करणारा गेराल्ट हा तिचा नायक. ‘व्येजमिन’ हा शब्दही सापकोव्स्की यांनीच घडविला. पोलिश भाषेत चेटकिणीला ‘व्येजमा’ म्हणतात. त्याचे हे पुल्लिंगी रूप. ‘व्येजमा’ म्हणजे मूळ अर्थाने ‘जाणणारी’. आणि ज्या धातूपासून तो शब्द आला, तो आपल्या संस्कृतातील ‘विद्’ धातूचा सख्खा भाऊबंद होय. ‘वेद’ आणि ‘विद्या’ हे शब्द त्याच कुळातील आहेत.

१९९४ साली मार्चिन इविन्स्की व मिखाऊ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी वॉर्सा येथे ‘सीडी प्रोजेक्ट’ नावाची संस्था काढली. भांडवल सुमारे २,००० डॉलर आणि कचेरी एका मित्राच्या घरात, बिनभाड्याची. धंदा परदेशी खेळ आणून विकण्याचा. परंतु त्या काळी पोलंडमध्ये चोरून केलेल्या नकला बाजारात उघड विकल्या जात. स्वस्त नक्कल हाताशी असता अस्सल प्रत कोण घेणार? या प्रश्नाचे त्यांनी शोधलेले उत्तर मोठे मार्मिक आहे: नकलेत जे मिळत नाही ते द्यावे, म्हणजेच खेळ वाचकाच्या भाषेत द्यावा.

कॅनडातील ‘बायोवेअर’ या संस्थेचा ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ म्हणजे शब्दांचा प्रचंड साठा. तो त्यांनी समग्र पोलिशमध्ये उतरविला. पात्रांचे आवाज देण्यासाठी पोलिश रंगभूमीवरील व चित्रपटांतील नामांकित नट बोलाविले, निवेदन प्योत्र फ्रोन्चेव्स्की यांच्याकडून वदविले आणि खेळासोबत नकाशा व नियमपुस्तिकाही दिली. १९९९ साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी १८,००० प्रती खपल्या. स्वभाषेतील चांगल्या कामासाठी लोक आपण होऊन पैसे मोजतात, हे सिद्ध झाले.

या भाषांतरातून आणखी एक गोष्ट घडली. दुसऱ्याच्या कृतीचे वाक्य न् वाक्य आपल्या भाषेत आणताना तिची बांधणी कळू लागते. त्यांच्याच मालिकेतील दुसऱ्या एका खेळाचे रूपांतर करण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. पण ते मध्येच रद्द झाले. तेव्हा हाती आलेल्या अनुभवावर आपलाच खेळ का रचू नये, असा विचार त्यांनी केला. सापकोव्स्की यांच्याकडून हक्क घेतले. खेळ यशस्वी होईल असा खुद्द लेखकाला भरवसा नसल्यामुळे त्यांनी नफ्यातील वाटा नाकारून एकरकमी मोबदला स्वीकारला. पुढे २०१९ साली उभयतांत नवा करार झाला.

२००२ साली वूच या शहरात काम सुरू झाले. वर्षभराच्या श्रमाने तयार केलेला नमुना घेऊन दोघे मित्र युरोपातील प्रकाशकांकडे फिरले. सर्वत्र नकार मिळाला. तेव्हा त्यांनी तेथील कचेरी बंद केली, काम वॉर्सा येथे हलविले आणि बहुतेक सर्व नव्याने आरंभिले. खेळाचे यंत्र, म्हणजे चित्रे हलविणारी व नियम सांभाळणारी मूळ आज्ञावली, त्यांनी बायोवेअरकडून घेतली व स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलली. २००४ साली लॉस एंजेलिस येथील प्रदर्शनात बायोवेअरने आपल्याच दालनात त्यांना जागा दिली. ज्यांचे भाषांतर निष्ठेने केले, तेच असे पाठीराखे झाले.

सुमारे शंभर माणसांची पाच वर्षे आणि दोन कोटी झ्लॉटी एवढा खर्च होऊन ऑक्टोबर २००७ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. त्याचे वैशिष्ट्य नीतीच्या मांडणीत आहे. एका प्रसंगी गेराल्ट नदीकाठी मालाची राखण करीत असता बंडखोर येऊन तो माल मागतात. माल दिला, तर त्या क्षणी काहीच बिघडत नाही. परंतु पुढे कित्येक तासांनी, दुसऱ्या शहरात, त्याच बंडखोरांच्या बाणांनी एका माणसाचा जीव गेलेला दिसतो. तोवर इतका खेळ पुढे गेलेला असतो की, मागे जाऊन चूक सुधारावी म्हटले तरी ते सहजी शक्य होत नाही.

मात्र एक विपर्यास घडला. ज्यांनी उत्तम भाषांतराने नाव मिळविले, त्यांच्याच खेळाचे इंग्रजी भाषांतर तोकडे निघाले. संवाद कापले गेले, रस उडाला. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. सप्टेंबर २००८ मध्ये सुधारित आवृत्ती काढली, इंग्रजीतील ५,००० हून अधिक वाक्ये नव्याने लिहून ध्वनिमुद्रित केली आणि आधीच्या ग्राहकांना ही सुधारणा विनामूल्य दिली. या मालिकेचा तिसरा खेळ २०१५ साली निघाला. २०२३ सालापर्यंत त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या.

आता थोडा हिशेब मांडू. पोलंडची लोकसंख्या चार कोटींच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते व कोंकणी सांगणारे बावीस लाखांच्या वर. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोंकणी, वर्गात मराठी आणि पडद्यावर इंग्रजी असते. या तीन भाषांमुळे आपण कोठलेच राहिलो नाही, अशी खंत काही विद्यार्थी व्यक्त करतात. परंतु वरील हकीकत निराळेच सांगते: भाषांतर करणाराला दोन घरे असणे ही अडचण नसून तीच त्याची पुंजी होय. पोलंडमधील त्या मित्रांनी प्रथम दुसऱ्याचे उत्तम ते आपल्या भाषेत आणले, मग आपले उत्तम ते जगापुढे ठेवले. हा क्रम आपणांसही मोकळा आहे.

सुटीत आपल्या आजीकडून एक कहाणी तिच्याच बोलीत ऐकून घ्या आणि ती मराठीत उतरवून काढा. कोठे शब्द अडतो, कोठे विनोद निसटतो, ते समासात टिपून ठेवा. पुढील वर्षीच्या अंकासाठी अशी भाषांतरे आल्यास ती आनंदाने छापली जातील.