यूपीआयवर चार्ज? आधी मूळ खातं बघा

मार्च २०२३ आठवतोय? '१ एप्रिलपासून २००० रुपयांवरच्या यूपीआयला १.१ टक्के चार्ज' असा मेसेज सगळीकडे फिरत होता. तेवढ्यावर काउंटरला 'फक्त कॅश' लिहिलं, की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात! एनपीसीआयने तर लगेच स्पष्ट केलं होतं: बँक खात्यातून खात्यात पेमेंट फुकटच, तो चार्ज वॉलेटसारख्या प्रीपेड पेमेंटपुरता, आणि ग्राहकाला तोही नाही.

म्हणून एक्सवर एनपीसीआय, जीएसटीसाठी सीबीआयसी आणि पीआयबी फॅक्ट चेक ही खाती फॉलो करा, घंटी ऑन ठेवा. निळी टिक पैसे भरून मिळते. सरकारी खात्याला करडी असते. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण म्हणजे मेसेज बऱ्याच हातांतून आलाय. मूळ खात्यावर सापडेपर्यंत दुकानात काहीच बदलू नका. शटर उघडण्याआधी दहा मिनिटं बास. रील्स रात्री!