लुळे पाऊल : वेळीच ओळख, नित्याची निगा

चालणे ही मनुष्याची इतकी सहज क्रिया आहे की ती बिघडेपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाय पुढे टाकताना पावलाचा पुढचा भाग आपोआप वर उचलला जातो, प्रथम टाच टेकते व मग तळवा जमिनीवर येतो. पाऊल वर उचलणारे स्नायू निकामी झाले म्हणजे पावलाचा पुढचा भाग खाली लोंबू लागतो. बोटे जमिनीला घासतात, उंबरठ्याला ठेच लागते, चपलेचे टोक झिजते. अडखळू नये म्हणून ती व्यक्ती गुडघा वाजवीपेक्षा उंच उचलून पाय टाकू लागते आणि पाऊल जमिनीवर आपटल्यासारखे पडते. या अवस्थेला वैद्यकीय परिभाषेत ‘फूट ड्रॉप’ व बोलीत ‘लुळे पाऊल’ असे म्हणतात.

कारणे अनेक

गुडघ्याच्या खाली, पायाच्या बाहेरील बाजूस, बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक मज्जातंतू पावलाकडे जातो. पाऊल वर उचलण्याची आज्ञा स्नायूंना याच मज्जातंतूतून मिळते. या ठिकाणी तो कातडीच्या अगदी लगत असल्याने त्यास सहज इजा पोहोचते. अपघात, अस्थिभंग, घट्ट बसलेले प्लास्टर किंवा तासन् तास उकिडवे बसून केलेले काम यांमुळे त्यावर दाब येतो. कमरेच्या मणक्यातील चकती सरकणे, मधुमेह, पोलिओ व पक्षाघात यांमुळेही पाऊल लुळे पडू शकते. पाऊल अचानक लुळे पडले आणि त्यासोबत तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे किंवा लघवीवरील ताबा जाणे अशी लक्षणे असली, तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ज्या कारणाचा विशेष विचार करावयास हवा ते म्हणजे कुष्ठरोग. 1936 साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे आरंभिलेले कार्य आणि पुढे बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभे केलेले आनंदवन यांमुळे कुष्ठसेवेची मोठी परंपरा या राज्यास लाभली आहे. डिसेंबर 2005 मध्ये देशात या रोगाचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एक रुग्णाहून खाली आले. तथापि नवे रुग्ण आजही आढळतात आणि रोग बरा झाल्यानंतरही मज्जातंतूंची हानी मागे राहिलेल्या व्यक्ती समाजात आहेत.

पहिले सहा महिने मोलाचे

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत शिरतात. त्यांविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया तीव्र झाली की मज्जातंतू सुजतो, दुखतो आणि त्याचे कार्य मंदावते. काही वेळा मात्र वेदना न होताच ही हानी होत राहते. म्हणून नियमित तपासणीस महत्त्व आहे. तपासणी सोपी आहे. रुग्णास टाचांवर चालावयास सांगावे; त्यानंतर बसवून पाऊल नडगीकडे वर उचलावयास सांगावे व हाताने हलकासा विरोध करून पाहावा. एका पायाची शक्ती दुसऱ्यापेक्षा कमी वाटली, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

मज्जातंतूची हानी सहा महिन्यांच्या आतील असेल, तर प्रेडनिसोलोन या औषधाने गेलेली शक्ती बऱ्याच रुग्णांत पूर्णतः वा अंशतः परत येऊ शकते. हे औषध काही आठवडे, क्रमाक्रमाने मात्रा कमी करीत, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. ते मनाने सुरू करणे किंवा एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे.

येथेच एक घातक गैरसमज आड येतो. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो आणि तो सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो. हा उपचार चालू असतानाच पाऊल लुळे पडले, तर ‘गोळ्यांनीच पाय गेला’ असे समजून रुग्ण गोळ्या टाकून देतो. वस्तुतः ही हानी गोळ्यांची नसून शरीराच्या प्रतिक्रियेची असते. गोळ्या चालू ठेवून प्रतिक्रियेवर स्वतंत्र उपचार घेणे हाच योग्य मार्ग होय. लावणीचे दिवस आहेत, मजुरी बुडेल, गावात चर्चा होईल अशा विचाराने शेतमजूर दुखणे लपवितो. चार दिवसांची मजुरी वाचते. परंतु मोलाचे महिने निघून जातात आणि पाय कायमचा अधू होतो.

रोजचे चालणे

शक्ती परत येईपर्यंत, किंवा ती आलीच नाही तर कायमच, पावलास आधार द्यावा लागतो. साध्या प्रकारच्या आधारात पोटरीवर एक पट्टा बांधतात व त्यापासून निघालेली लवचिक पट्टी पादत्राणाच्या पुढील भागास जोडतात. पाय उचलताच ही पट्टी पाऊल वर ओढून धरते. प्लास्टिकचा साचेबंद आधार बुटाच्या आत घालता येतो. पोटरीवरील पट्टा गुडघ्याखालच्या बारीक हाडाच्या मानेवर दाबला जाऊ नये, अन्यथा त्याच मज्जातंतूस पुन्हा इजा होईल. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत अशी साधने मोजमाप घेऊन तयार केली जातात.

अंगठ्याची चप्पल अशा पायातून निसटते. मागे पट्टा असलेली, मऊ तळाची व खिळे नसलेली सँडल वापरावी. एस.टी.च्या उंच पायरीवर चढताना प्रथम चांगला पाय वर ठेवावा, उतरताना अधू पाय आधी खाली टाकावा व दांडी हाती धरावी. घरातील उंबरठ्यावर ठळक रंगाचा पट्टा ओढावा. न्हाणीघरात व शौचालयात धरण्यासाठी दांडी बसवावी. चिखलात व शेताच्या बांधावर काठी बाळगावी. उकिडवे बसण्याऐवजी पाट किंवा चौरंग घ्यावा व पायावर पाय टाकून बसू नये.

लोंबणाऱ्या पावलामुळे टाचेमागील कंडरा आखडते आणि मग आधार बांधूनही पाऊल सरळ होत नाही. यासाठी रोज पाय लांब करून बसावे, पंचा तळव्याभोवती घालून दोन्ही हातांनी पाऊल स्वतःकडे ओढावे, तीसपर्यंत अंक मोजावेत व असे अनेकदा करावे. गुडघा वाकू देऊ नये.

बधिर पायाची निगा

कुष्ठरोगात पाऊल लुळे पडते तेव्हा पुष्कळदा ते बधिरही झालेले असते. काटा रुतला, चूल लागली, चपलेने चावले तरी कळत नाही. वेल्लोर येथे 1948 पासून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की हातापायांची बोटे रोगाने गळून पडत नाहीत; वेदना न कळल्याने होणाऱ्या जखमांकडे दुर्लक्ष होऊन ती झिजतात. म्हणून रोज सायंकाळी तळवा, पावलाची बाहेरील कडा व बोटांची टोके नजरेने तपासावीत. पाय वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवून, घट्टे हलकेच घासून तेल लावावे. जखम किंवा फोड दिसल्यास त्या पायास विश्रांती द्यावी व आरोग्य केंद्रात दाखवावे.

शस्त्रक्रिया व हक्क

औषधोपचारानंतरही शक्ती परत आली नाही आणि रोगाची प्रतिक्रिया शमलेली असली, तर शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा असतो. पाऊल आत वळविणारा, शाबूत राहिलेला स्नायू पावलाच्या वरच्या बाजूस जोडला जातो. काही आठवडे प्लास्टर व त्यानंतर नव्या कामाची सवय लावणारे व्यायाम केल्यावर हाच स्नायू पाऊल उचलू लागतो. व्यायाम टाळल्यास शस्त्रक्रियेचा लाभ पदरी पडत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास कायद्यातील आरक्षणादी तरतुदींचा लाभ मागता येतो.

लुळे पाऊल हा पूर्वजन्मीचा भोग नव्हे आणि घराण्याचा कलंकही नव्हे. ती एका मज्जातंतूची दुखापत आहे. ती लवकर ओळखली तर बऱ्याचदा भरून येते. उशीर झाला तरी आधार, व्यायाम व रोजची निगा यांच्या बळावर माणूस आपल्या शेतावर व कामावर स्वतःच्या पायांनी जाऊ शकतो. मात्र त्यासाठी घरातील माणसांनी त्याचा पाय लपविण्याऐवजी आरोग्य केंद्राच्या दारापर्यंत त्याला सोबत केली पाहिजे.